पलूसच्या बाजारातील सुकट म्हणजे कोळंबीची पिल्ले नव्हेत

पलूसच्या बाजारात सुकटीची गोणी उघडली की गिऱ्हाईक हमखास विचारते, "ही कोळंबीची पिल्लेच ना?" आपले बरेच दुकानदार बांधवही होकार देतात. वस्तुस्थिती तशी नाही. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, आणि जवळा ही स्वतंत्र जात आहे. त्याचे शास्त्रीय नाव असेटिस इंडिकस. पूर्ण वाढ झाली तरी तो इंच-दीड इंचापुढे जात नाही.

कोळंबीला चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात, जवळ्याला तीनच. जिवंतपणी तो काचेसारखा पारदर्शक असतो, डोळे तेवढे काळे आणि शेपटाशी तांबडे ठिपके. आपल्या कृष्णेतील झिंग्याची मादी अंडी पोटाखाली धरून फिरते; जवळ्याची मादी ती सरळ पाण्यात सोडून देते. आयुष्य काही महिन्यांचेच.

त्याला किनाऱ्याजवळचे उथळ, गढूळ, चिखलतळाचे पाणी मानवते. म्हणून खडकाळ दक्षिण कोकणापेक्षा रायगड, मुंबई, पालघर आणि पुढे गुजरातच्या किनाऱ्यावर तो अधिक मिळतो. सूक्ष्म वनस्पती व कुजका गाळ खात त्याचे थवेच्या थवे फिरतात, आणि बोंबील, वाकटी त्याच्यावर जगतात. अर्नाळा, वर्सोव्याचे कोळी डोल नावाचे पिशवीसारखे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड करून बांधतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला प्रवाह जोरात, म्हणून जाळी भरतात. भांगाच्या दिवसांत माल कमी. घाऊक खरेदी करणाऱ्याने तिथी पाहिली तर बिघडत नाही!

त्याच जाळ्यात इतर कोळंबीची खरी पिल्लेही येतात. ती वाढण्याआधीच गेली तर पुढे मोठी कोळंबी कोठून मिळणार, ही किनाऱ्यावरची जुनी तक्रार आहे. मिसळ मालात लहानमोठे दाणे दिसतात, ते याचमुळे.

ताज्या जवळ्याच्या वजनात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. ते नीट सुकले नाही तर गोणी वजनाला भरते, पण पावसाळ्यात बुरशी धरते आणि नुकसान आपल्या पदरी पडते. मूठभर माल दाबून पाहावा. चांगला माल कुरकुरतो, ओला चिकटतो. वाळूत पसरून वाळवलेला असेल तर चाळून मगच वजन करावे. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा पावसाळ्याचा साठा मे महिन्याच्या कडक उन्हातल्या मालाचाच करावा.