काटा हललाच पाहिजे!

मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी चक्क नाही म्हटलं. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ ही माझी कायमची केटी. पण गेल्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने एक पिस्टन जाळला. तो का जळला हे कळल्यापासून कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाहीये. तेव्हा चुका पोटात घाला.

प्रोजेक्टसाठी आम्हाला ८०० सीसीचं, तीन सिलिंडरचं जुनं पेट्रोल इंजिन मिळालं होतं. त्याला सुपरचार्जर लावायचं ठरलं. सुपरचार्जर म्हणजे क्रँकशाफ्टच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. ०.५ बार बूस्ट दिला की इंजिनात जवळजवळ दीडपट हवा जाते. पण हवा वाढली की पेट्रोलही वाढलंच पाहिजे. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे पुस्तकी प्रमाण. बूस्टमध्ये ते १२ च्या आसपास ठेवतात, कारण जादा पेट्रोल सिलिंडरला थंडावा देतं. पेट्रोल कमी पडलं तर ज्योत पोचायच्या आतच कडेचं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग, आणि हाच पिस्टनचा काळ.

मग इंजेक्टर केवढा लागेल? हिशेब वहीच्या अर्ध्या पानाचा आहे. आम्हाला ५४ अश्वशक्ती हवी होती. बूस्टच्या इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल धरतात. म्हणजे तासाला १४.६ किलो, अर्थात मिनिटाला सुमारे ३२४ सीसी. तीन इंजेक्टरांत वाटलं की प्रत्येकी १०८. पण इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो. ६००० आरपीएमला दोन फेऱ्यांना २० मिलिसेकंद लागतात. त्यातली फार तर १६, म्हणजे ८० टक्के, वापरायची. नाहीतर त्याला नीट बंद व्हायलाच वेळ मिळत नाही. १०८ भागिले ०.८, उत्तर १३५ सीसी.

आमचे जुने इंजेक्टर आम्ही लॅबमध्ये मोजले. ३ बार दाबाला अर्ध्या मिनिटात ५० सीसी, म्हणजे मिनिटाला १००. एक जण लगेच म्हणाला, "दाब वाढवू ना, फुकटात काम!" इथेच गंमत आहे. प्रवाह दाबाच्या नाही, दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. हॉस्टेलच्या नळाची धार दुप्पट जोरात हवी असेल तर गच्चीवरची टाकी चौपट उंच न्यावी लागेल, तसंच. १०० चे १३५ करायला ३ बारचे साडेपाच बार करावे लागले असते. शिवाय दाब चढला की पंप पेट्रोल कमी देतो. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्याने घालवायचं! म्हणून आम्ही मुकाट्याने १५० सीसीचे इंजेक्टर घेतले. याहून मोठे घेण्यातही शहाणपण नाही. आयडलला इतके थोडे थेंब मोजून द्यायला ते अवघड जातात.

आता मुख्य गोष्ट. इंजेक्टरला गेजवरचा आकडा कळत नाही. त्याला कळतो तो फरक: मागून पेट्रोलचा दाब किती आणि समोर मॅनिफोल्डमध्ये किती. समोर ०.५ बार बूस्ट असेल तर ३ बारचे अडीचच उरतात. म्हणून रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी जोडलेली असते. जेवढा बूस्ट वाढेल तेवढाच ती रेलचा दाब वाढवते. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम, तेव्हा गेजवर २.४ च्या आसपास. पूर्ण बूस्टला ३.५. फरक मात्र कायम ३.

मूळ दाब लावताना ही नळी काढून तिचं टोक बंद करायचं, स्क्रू फिरवून ३ बार आणायचे आणि नळी परत जोडायची. आम्ही शेवटची पायरी विसरलो. टेस्टला आयडलपासून फुल थ्रॉटलपर्यंत काटा ३ वर ठाम. आम्ही खूश, काय स्थिर दाब आहे! प्रत्यक्षात बूस्टमध्ये पेट्रोल ९ टक्के कमी जात होतं आणि १२ चं प्रमाण १३ च्या पुढे सरकलं होतं. ते दाखवणारा वाइडबँड सेन्सर आम्ही 'नंतर बसवू' म्हणून ठेवला होता. खडखड ऐकू आली तेव्हा मी थ्रॉटल सोडला, पण उशीर झाला होता. प्लगवर ॲल्युमिनियमचे बारीक मणी, दोन नंबरच्या पिस्टनची कड खाल्लेली.

गेज बघत उभे असलेले लॅबचे मामा एवढंच म्हणाले, "ताई, काटा हलला कसा नाही?"

नळी टूलबॉक्सच्या मागे लोंबत होती.

नवीन पिस्टनच्या पैशांपायी आमचं दोन महिन्यांचं कॅन्टीन बंद झालं. आता आमची यादी ठरलेली आहे: आधी हिशेब, मग मूळ दाब, मग नळी, मग सेन्सर, आणि बूस्ट सगळ्यात शेवटी. तोही थोडा थोडा, गेजकडे बघत. जुना पिस्टन लॅबच्या कपाटावर ठेवलाय. पुढच्या वर्षीच्या ग्रुपने सुपरचार्जरचं नाव काढण्याआधी तो एकदा हातात घेऊन बघावा.