मूर्तीची बिल्टी, माणसाची उचल

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी जिते सोडते आणि पेणच्या आधी हमरापूरला क्षणभर थांबते. हमरापूर आणि शेजारचं जोहे यांची ओळख गणपतीच्या कारखान्यांची. परदेशातल्या मराठी घरांसाठीच्या मूर्ती चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी बोटीने रवाना होतात. खोक्याबरोबर बिल असतं, यादी असते; पाठवणारा कोण, घेणारा कोण, सगळं लिहिलेलं असतं.

याच पेण-रोहा पट्ट्यातल्या कातकरी वाड्यांतून दिवाळीनंतर माणसं निघतात. त्यांच्याबरोबर यातलं काहीच नसतं.

पावसाळ्यात घरातला दाणा संपतो, कुणी आजारी पडतं, एखादं लग्न निघतं. मुकादम उचल देतो. ती नवरा-बायकोने मिळून फेडायची. वीटभट्टीवर हजार विटांमागे, कोळसाभट्टीवर पोत्यामागे दर ठरतो. हिशेब मुकादमाच्या वहीत. पाऊस तोंडावर आला की वही उघडते आणि पुष्कळदा देणंच निघतं. मग पुढचा हंगामही त्याच्याकडेच. कोळशाच्या कामाला काही कुटुंबं थेट कर्नाटकात जातात. तिथे भाषा वेगळी, पोलीस ठाणं वेगळं, ओळखीचं कुणी नाही. पनवेलच्या इमारतीवर काम करणाऱ्या बिहारी गवंड्याला आपण सहज ‘परप्रांतीय’ म्हणतो. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक असलेला कातकरी सीमेपलीकडे गेला की तोही तोच होतो.

कायदा नव्हता असं नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा स्वतंत्र कायदा आला. ठेकेदाराला परवाना, मजुराला फोटो लावलेलं पासबुक, प्रवासखर्च आणि विस्थापन भत्ता, असं बरंच काही त्यात होतं. गंमत अशी की हे हक्क राज्याची हद्द ओलांडल्यावरच लागू होत. पेणहून भिवंडीच्या भट्टीवर गेलेल्याला त्यातलं काही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता आल्या आणि तो कायदा गेला. आता स्वतःहून आलेला मजूरही व्याख्येत बसतो, पण कामाच्या जागी पाचऐवजी दहा स्थलांतरित हवेत आणि विस्थापन भत्ता गळाला.

कागदावरचं हे वाडीपर्यंत नेण्याचं काम संघटनांनी केलं. वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली ती वेठबिगारांना घेऊनच. त्यांच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालवल्या, कारण आईबापांबरोबर पोरंही भट्टीवर जात आणि शाळेच्या हजेरीपटावर फक्त नाव उरे. रायगडात उल्का महाजन यांच्या सर्वहारा जन आंदोलनाने जमिनीचा आणि वनहक्काचा प्रश्न हाती धरला. तो वेगळा वाटतो, पण आहे त्याच मुळाचा: पायाखाली स्वतःची जमीन असेल तर उचल घेण्याची वेळ कमी येते. वेठबिगारीतून सुटलेल्याला २०१६ च्या केंद्रीय योजनेत १ ते ३ लाख रुपयांचं पुनर्वसन साहाय्य आहे. मात्र पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी बांधलेली, आणि खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात.

२०२० च्या टाळेबंदीत देशभर जिल्ह्याजिल्ह्याच्या हद्दी बंद झाल्या. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला मध्य प्रदेशातल्या घराकडे पायी निघालेले १६ मजूर रुळांवर मालगाडीखाली गेले. त्याच वर्षी गणपतीला कोकणात निघालेल्या चाकरमान्यांनाही स्वतःच्या गावाबाहेर अडून राहावं लागलं. घरच्या हद्दीवर थांबवलं जाणं कसं असतं, हे तेव्हा मध्यमवर्गालाही थोडं कळलं.

रेशनकार्ड मात्र आता हद्द ओलांडतं. २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात जोडीने सुरुवात झाली, जानेवारी २०२० पासून कर्नाटकही आला. अर्थात कोळसाभट्टी जंगलात असते आणि रेशनचं दुकान गावात. स्थलांतरित गरोदर बाया आणि बालकांच्या नोंदीसाठी राज्याने ‘महा-एमटीएस’ प्रणाली आणली, त्यामुळे अंगणवाडीचा आहार दुसऱ्या गावीही मिळू शकतो. पण मुकादम कोण, उचल किती, हजारी दर काय ठरला, हे अजून त्याच्याच वहीत असतं.