क्रॉस कंट्रीत पहिल्याला नको, चौथ्याला शोधा

बेळगावच्या कॅम्पातल्या रस्त्यांवर पहाटे पळणाऱ्या पोरांचे सरळ दोन गट पडतात. एक सैन्यभरतीवाल्यांचा. घड्याळ लावून सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटांच्या आत, आणि मग कमरेवर हात ठेवून रस्त्याकडेला धापा. दुसरा शाळेच्या हाफ पँटीतला. या पोरांना पीटीच्या सरांनी चार दिवसांपूर्वी सांगितलेलं असतं, की तालुक्याला क्रॉस कंट्री आहे, तुमची नावं दिलीत, जरा पळून ठेवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. त्यामुळे पळणं म्हणजे काय हे इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको, असं आपण धरूनच चालतो. गोची तिथंच होते. पळण्याबद्दल प्रत्येकाचं ठाम मत असलेल्या गावात क्रॉस कंट्रीबद्दलचे गैरसमजही तेवढेच ठाम असतात.

‘क्रॉस कंट्री म्हणजे छोटी मॅरेथॉन’

बेळगावला मॅरेथॉनचं अप्रूप असणं साहजिक आहे. आपल्या गावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाले आणि १९वे आले. पुण्याचा डेक्कन जिमखाना आणि दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानं गेलेल्या त्या चमूत ते होते. तेव्हाचं अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या ४२.१९५ पेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. शंभर वर्षांनंतरही हे वाचून मान ताठ होते. पण त्याचा एक दुष्परिणाम झाला. आपल्याकडं तीन किलोमीटरच्या रस्त्यावरच्या शर्यतीलाही ‘मॅरेथॉन’ म्हणतात आणि माळावरच्या शर्यतीलाही.

क्रॉस कंट्री रस्त्यावर होत नाही. गवत, माती, चढ, उतार, जमलं तर चिखल, आणि सहसा दीड-दोन किलोमीटरच्या वळणावळणाच्या फेऱ्या. प्रत्येक मैदान वेगळं, म्हणून मागच्या वर्षीच्या वेळेशी यंदाची वेळ ताडून बघण्यात अर्थ नसतो. मोजला जातो तो फक्त क्रमांक. हा खेळ एके काळी ऑलिंपिकमध्येही होता. १९२४ साली पॅरिसला भर उन्हाळ्याच्या रणरणत्या उन्हात ही शर्यत झाली, ३८ जण सुटले आणि १५ जण पोचले. फिनलंडचा पाव्हो नुर्मी जिंकला, पण बाकीच्यांची अवस्था बघून ऑलिंपिकनं हा खेळच काढून टाकला. पुढं १९७३ पासून त्याची स्वतंत्र जागतिक स्पर्धा सुरू झाली.

अंतरंही लहान असतात. राष्ट्रीय स्पर्धेत १६ वर्षांखालच्या मुलामुलींना २ किलोमीटर, १८ खालच्या मुलांना ६ आणि मुलींना ४, तर २० खालच्यांना अनुक्रमे ८ आणि ६ किलोमीटर पळावं लागतं. मॅरेथॉनच्या नावानं पोरांना पंधरा-वीस किलोमीटर दामटणारे सर त्यांना भलत्याच परीक्षेचा अभ्यास करायला लावतात.

‘आपला अमुक पहिला येतो, म्हणजे ढाल आपलीच’

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे, म्हणून इथं जरा थांबू.

सांघिक ढाल बेरजेवर ठरते. जागतिक स्पर्धेत एका संघाचे सहा जण पळतात, त्यातल्या पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवायचे आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ पहिला. अमेरिकेतल्या शाळांत सात पळतात आणि पाच मोजतात, तत्त्व तेच.

आता कागद-पेन्सिल घ्या. ‘अ’ शाळेचे चौघं आले १, ३, १९ आणि ३८ या क्रमांकांवर. बेरीज ६१. ‘ब’ शाळेचा पहिल्या आठांत एकही नाही. त्यांचे आले ९, ११, १२ आणि १४. बेरीज ४६. ढाल ‘ब’ची, आणि ‘अ’च्या गोटात ‘पंचांनी घोळ केला’ म्हणून आरडाओरडा.

‘अ’च्या सरांनी वर्षभर सगळी मेहनत घेतली ती पहिल्या पोरावर. तो दुसऱ्यापेक्षा दहा सेकंदांनी पुढं येवो की दोन मिनिटांनी, त्याचा गुण एकच राहणार. त्याच्याकडून संघाला आणखी काही मिळणं शक्यच नाही. मात्र ३८वा आलेला चौथा पोरगा २२वा आला असता, तर बेरीज ४५ झाली असती आणि ढाल एका गुणानं ‘अ’ची. मधल्या घोळक्यात पोरं एकमेकांच्या टाचांवर पाय देत आत येतात. तिथं सोळा क्रमांक म्हणजे काही फार मोठं अंतर नसतं, अर्ध्या मिनिटाचा मामला असतो.

पाचव्या-सहाव्याचंही काम असतं. त्यांचे गुण मोजत नाहीत, पण ते समोरच्या संघाच्या चौथ्याच्या पुढं घुसले तर त्याचा क्रमांक मागं ढकलतात. बेरीज सारखी झाली तर जागतिक नियमानुसार ज्या संघाचा शेवटचा मोजला जाणारा गडी पुढं असेल, तो संघ जिंकतो. म्हणजे तिथंही निकाल चौथ्याच्याच हातात.

केनियाच्या पुरुषांनी १९८६ ते २००३ अशी सलग १८ वर्षं जागतिक सांघिक विजेतेपद जिंकलं. एवढ्या वर्षांत पहिला येणारा बदलत राहिला, कधी तो केनियाचा नव्हताही. त्यांचा घोळका मात्र दर वर्षी पुढं असायचा.

शाळेत याचा उपयोग सोपा आहे. सरावाला एकाच्या मागं सगळ्यांना फरफटत नेऊ नका. साधारण सारख्या वेगाच्या तिघा-चौघांना एकत्र पळवा आणि पहिल्या व चौथ्यातलं अंतर दर पंधरवड्याला वहीत टिपा. संघाची प्रगती कळते ती त्या आकड्यावरून.

‘रोज जीव तोडून पळालं तरच दम वाढतो’

भरतीच्या तयारीतून आलेली ही समजूत. सोळाशे मीटरला ती काही प्रमाणात चालून जाते, कारण तिथं साडेपाच मिनिटांत खेळ संपतो. वीस-पंचवीस मिनिटांच्या शर्यतीचा पाया वेगळा असतो. हृदय आणि स्नायूंतली प्राणवायू वापरण्याची ताकद वाढते ती प्रामुख्यानं सावकाश, लांब पळण्यानं. इतकं सावकाश की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. जगातले चांगले लांब पल्ल्याचे धावपटू आपलं बहुतेक पळणं असंच करतात. आठवड्यात एक लांब पळणं, एक दिवस चढाचा, एक दिवस वेगाच्या तुकड्यांचा, मध्ये सोपे दिवस आणि एक पूर्ण सुट्टी, एवढं हायस्कूलच्या पोराला पुष्कळ झालं.

या वयात हाडं वाढत असतात. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखणं, नडगीवर बोट ठेवलं की कळ येणं, हे ‘सवय होईल’ म्हणून सोडून द्यायचं दुखणं नव्हे. पळणं थांबवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. उलट बाजूनं, पळण्यानं उंची खुंटते ही भीतीही निराधार आहे.

सराव कुठं, हा प्रश्न कॅम्पात खरा आहे. झाडांच्या सावलीतले डांबरी रस्ते मोहात पाडतात, पण डांबरावर घोटा कधी वाकडा होत नाही, म्हणून तो तयारही होत नाही. मैदानाच्या कडेनं, टिळकवाडीतल्या वॅक्सिन डेपोच्या झाडीतून, येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढावर पळायला हवं. लष्कराच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय पोरं घुसवू नका. निपाणीकडच्या शाळांचं गणित आणखी निराळं. तिथल्या काळ्या मातीत पाऊस पडला की बुटाच्या तळाला चिखलाचा थर चढतो आणि दोन फेऱ्यांत पाय जड होतात. लाल मातीत पाय घसरतो, काळीत रुततो. दोन्हींची ओळख आधी करून घेतलेली बरी. तवंदी घाट चढाला कितीही चांगला दिसला तरी तो महामार्ग आहे, तिथं पोरांना नेऊ नये. शेतातला चढ शोधा.

चढावर वेग टिकवायचा नसतो, दम टिकवायचा असतो. पावलं आखूड, नजर चार-पाच पावलं पुढं. पोरं हरतात ती बहुधा माथ्यावर. चढ संपला की हुश्श करून सैल पडतात आणि तेवढ्यात पाच जण पुढं निघून जातात. उतारावर मागं रेलून ब्रेक लावत गेलं की मांड्यांवर दुप्पट ताण येतो.

दुसऱ्या दिवशी दुखतात त्या याच मांड्या, आणि घरचे म्हणतात ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय, मालिश कर’. लॅक्टेट तास-दीड तासात निवळून गेलेलं असतं. एक-दोन दिवसांनी भरून येणारं दुखणं हे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं असतं, आणि उतारावर ती इजा जास्त होते. मालिशनं बरं वाटेल, पण खरा उपाय म्हणजे उताराचा सराव थोडा थोडा आधीपासून करणं.

‘शेवटच्या आठवड्यात जोर लावा’

परीक्षेच्या आदल्या रात्री जागून थोडेफार गुण मिळतात, त्यामुळे आपल्याला हे पटतं. शरीर मात्र तसं चालत नाही. शेवटच्या सात दिवसांत केलेल्या मेहनतीचं फळ शर्यतीपर्यंत मिळत नाही, थकवा तेवढा मिळतो. यावर झालेल्या अभ्यासांचं सार असं, की शेवटचे सुमारे दोन आठवडे पळण्याचं एकूण अंतर हळूहळू निम्म्यावर आणावं, वेग मात्र कमी करू नये. रोज सहा किलोमीटर पळणारा तीन पळेल, पण त्यात दोन-चार जोराचे तुकडे असतील. सगळ्यात कठीण जातं ते सरांना. पोरं आरामात दिसली की त्यांना हात शिवशिवल्यासारखं होतं.

नवे बूटही याच आठवड्यात येतात. कौतुकानं घेतलेला बूट थेट शर्यतीच्या सकाळी घातला की पहिल्या फेरीतच टाचेला फोड. ‘गावाकडची पोरं अनवाणीच पळतात’ हा युक्तिवादही ऐकू येतो. झोला बड १९८५ साली अनवाणी पळून जागतिक क्रॉस कंट्री जिंकली, हे खरं. अबेबे बिकिला १९६० साली रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकला, हेही खरं, पण १९६४ साली टोकियोत तो बूट घालून जिंकला. ज्याला जशी सवय, तसं पळावं.

शर्यतीआधी मूठभर ग्लुकोज तोंडात टाकण्याची प्रथा तर अढळ आहे. तासाभराहून जास्त पुरेल इतकी साखर स्नायूंत आधीच साठलेली असते, वीस मिनिटांच्या शर्यतीला वरून काही लागत नाही. सुटण्याआधी दोन-तीन तास रोजचंच हलकं खाणं, पोहे म्हणा, इडली म्हणा, आणि सकाळपासून घोट घोट पाणी. ‘पाणी प्यायलं की पोटात दुखतं’ म्हणून पोरांना कोरडं ठेवणं चूक, आणि शिट्टीच्या आधी बाटली रिकामी करणं हीही चूक.

‘सुरुवातीला सुसाट सुटा’ हा सल्ला मात्र अर्धा खरा आहे. मैदान पुढं जाऊन अरुंद होत असेल, तर मागं राहिलेला तिथं अडकतो. म्हणून आदल्या दिवशी सगळा मार्ग पोरांबरोबर चालून बघायचा, वाट कुठं चिंचोळी होते ते ठरवायचं आणि तिथंवर जागा मिळवायची. मार्ग रुंद असेल तर पहिल्या तीनशे मीटरची मर्दुमकी शेवटच्या फेरीत वसूल होते.

बेळगावची थंड हवा आणि उंची यांचाही हवाला दिला जातो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. रक्तात फरक पडावा यासाठी दोन हजार मीटरच्या आसपास तरी उंची लागते. धावपटू सराव करतात ते केनियातलं इटेन सुमारे २,४०० मीटरवर आहे. आपल्या हवेचा फायदा एवढाच, की सकाळी पळताना जीव नकोसा होत नाही.

‘मुलींना एवढं झेपत नाही’

जागतिक स्पर्धेत २०१७ पासून खुल्या गटात बायका आणि पुरुष दोघंही १० किलोमीटरच पळतात. सातारच्या माण तालुक्यातली ललिता बाबर खो-खो खेळत खेळत धावण्याकडं वळली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी पळून १०वी आली.

पाळीत पळू नये असा कुठलाही वैद्यकीय नियम नाही. त्रास होत असेल तर सोपं पळावं, नसेल तर नेहमीसारखं. काळजी करायची ती उलट स्थितीत. जोरात सराव करणाऱ्या मुलीची पाळी काही महिने आलीच नाही, तर ती पुरेसं खात नसेल अशी शक्यता धरून डॉक्टरांकडं न्यावं. दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. सरावाला मागं पडणाऱ्या मुलीला ‘आळशी’ म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासा. तुमच्या संघाची चौथी बऱ्याचदा तिथंच अडकलेली असते.

चौदाव्या वर्षी चमकला नाही तो संपला, असंही समजू नये. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला आणि २०१५ साली लष्कराच्या क्रॉस कंट्रीत उतरला, तेव्हा त्यानं विशी ओलांडली होती. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य त्यानं मिळवलं, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली.

पीटीच्या सरांना आणि मॅडमना एकच विनंती. प्रवेशिका भरण्याआधी यंदाचं नियमपत्रक नीट वाचा: किती जण पळतात, किती मोजतात, वयाची तारीख कोणती, अंतर किती. आणि नावं स्पर्धेच्या आठवड्यात देऊ नका. जूनमध्ये शाळा उघडली की आठ-दहा पोरं निवडा, पावसाच्या चिखलातच सुरुवात करा.