सरकारी मदतीचा लाभ आणि ग्रीन कार्डची धास्ती

अमेरिकेतील स्थलांतरित कुटुंबात एकाच छपराखाली राहणाऱ्यांचा कायदेशीर दर्जा अनेकदा वेगवेगळा असतो. मुलगा अमेरिकी नागरिक, त्याने बोलावून घेतलेले आई-वडील ग्रीन कार्डधारक आणि धाकटा भाऊ नोकरीच्या व्हिसावर, असे चित्र तेथील मराठी घरांतही आढळते. सरकारी योजनांसाठी पात्रता मात्र यातील प्रत्येकाची स्वतंत्रपणे तपासली जाते. कोण कशास पात्र, याचा उलगडा न झाल्याने अनेक कुटुंबे हक्काच्या मदतीपासूनही दूर राहतात.

या धास्तीच्या मुळाशी 'पब्लिक चार्ज' ही संकल्पना आहे. स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या, सरकारवर भार होऊ शकणाऱ्या परदेशी व्यक्तीस प्रवेश नाकारण्याची तरतूद अमेरिकेने १८८२ मध्येच केली. 'भार' म्हणजे नेमके काय, याचा अर्थ मात्र सरकारागणिक बदलत गेला. १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चरितार्थासाठी मिळणारी रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ होणारी देखभाल एवढेच विचारात घेतले जाई. ट्रम्प प्रशासनाने २०१९ मध्ये त्यात अन्नसाह्य, 'मेडिकेड' ही आरोग्य योजना आणि घरभाड्याची मदत यांची भर घातली. तो नियम मार्च २०२१ मध्ये मागे पडला आणि डिसेंबर २०२२ पासून जुन्या व्याख्येशी मिळताजुळता नियम लागू झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तोही रद्द करून अधिकाऱ्यांना अधिक मोकळीक देणारा प्रस्ताव सरकारने प्रसिद्ध केला.

विशेष म्हणजे, २०१९ च्या कठोर नियमातही नागरिक मुलाने घेतलेला लाभ पालकांच्या खाती मांडला जात नव्हता. तरीही भीती नियमापुढे धावली. 'अर्बन इन्स्टिट्यूट' या संशोधन संस्थेच्या २०१८ अखेरच्या पाहणीत, स्थलांतरित कुटुंबांतील सुमारे सातपैकी एका प्रौढाने स्वतः किंवा घरातील कुणीतरी ग्रीन कार्डच्या चिंतेने सरकारी मदत टाळल्याचे सांगितले होते. तेव्हा तो नियम लागूही झालेला नव्हता.

ग्रीन कार्ड हाती आले म्हणजे सर्व दारे उघडली, असेही नाही. १९९६ च्या कल्याण सुधारणा कायद्याने बहुतेक नव्या ग्रीन कार्डधारकांना मेडिकेड आणि अन्नसाह्यासाठी पाच वर्षे थांबण्याची अट घातली. मुले व गर्भवती महिलांना आरोग्य योजनेत या अटीतून सूट देण्याची मुभा राज्यांना २००९ मध्ये मिळाली. जुलै २०२५ च्या कायद्याने तर निर्वासित आणि आश्रय मिळालेल्यांनाही अन्नसाह्यातून वगळले.

मराठी घरांना यातील झळ बसते ती प्रामुख्याने वृद्ध आई-वडिलांच्या बाबतीत. त्यांना बोलावणाऱ्या मुलाला आपले उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असल्याचे दाखवून पोषणाचे कायदेशीर हमीपत्र द्यावे लागते. आपल्याकडील जामीनदारासारखाच हा प्रकार! पासष्टीनंतरच्या 'मेडिकेअर' योजनेसाठी, आई-वडिलांपैकी कोणीच अमेरिकेत पुरेशी वर्षे नोकरी केलेली नसेल, तर पाच वर्षांचे सलग वास्तव्य आणि वर हप्ता भरण्याची तयारी लागते. तोवर आजारपणाचा खर्च खासगी विम्यावर किंवा मुलाच्या खिशावर.

पुण्या-मुंबईत घर राखून वर्षातील काही महिने तिकडे काढणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. ग्रीन कार्डचे नूतनीकरण करताना किंवा नागरिकत्वासाठी अर्ज करताना 'पब्लिक चार्ज'ची कसोटी लागत नाही. मात्र अमेरिकेबाहेर सलग १८० दिवसांहून अधिक काळ राहून परतणाऱ्या ग्रीन कार्डधारकास विमानतळावर नव्याने प्रवेश मागणारा मानले जाऊ शकते. तेथे ही कसोटी पुन्हा लागू होते.