भिंतीला पाठ लागेल अशी जागा
युद्धावरून परतलेल्या अमेरिकी सैनिकाच्या कॉलेजच्या फीची सोय बहुधा होते. १९४४च्या जीआय बिलापासूनची, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या कायद्यापासूनची, ही परंपरा. अडचण सुरू होते ती वर्गात. पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक ताण-विकार) असलेल्याला अनेकदा पाठीमागे कोणी बसलेले सोसत नाही, दार आपटले तरी छाती धडधडते, झोपेअभावी वाचलेले डोक्यात टिकत नाही. १९९०च्या अपंगत्व कायद्याच्या आधारे तो परीक्षेला जादा वेळ, शांत खोली, भिंतीलगतची जागा मागू शकतो. मात्र कॉलेज सहसा आपणहून विचारत नाही. कागदपत्रे घेऊन त्यालाच संबंधित कार्यालयात जावे लागते. तिथेच पाय अडतात. हात-पाय गमावलेले सोबती डोळ्यांपुढे असताना आपण सवलत कशी मागायची? खरे तर आजाराचे नाव प्राध्यापकांना सांगावेच लागत नाही. त्यांच्याकडे जाते ते फक्त सवलतींचे पत्र.