आधार आलं म्हणजे नागरिकत्व आलं का?

आज कागदांबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

आम्ही धरणगावला गटाचे पापड करतो. ते जळगावात विकणाऱ्या एक ताई आहेत. २०१२ साली त्या नवऱ्यासोबत पाकिस्तानातल्या सिंधमधून इकडे आल्या. एकदा मी गटातल्या बायांचे मतदार नोंदणीचे अर्ज भरत होते. त्यांना म्हटलं, "ताई, तुमचाही भरून टाकू. आधार तर आहेच." त्या हळूच म्हणाल्या, "आधार आहे, पण मी अजून इथली नागरिक नाही."

त्या अर्जात 'मी भारताची नागरिक आहे' असं लिहून द्यावं लागतं. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मी मदत करायला गेले आणि त्यांनाच अडकवलं असतं. आधार हा ओळखीचा कागद आहे, नागरिकत्वाचा नाही. कायद्यातच तसं लिहिलंय.

मग त्या इथे राहतात कशाच्या जोरावर? दीर्घ मुदतीच्या व्हिसावर. त्याला एलटीव्ही म्हणतात. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना तो मागता येतो. तिथून लग्न होऊन भारतीय नवऱ्याकडे आलेल्या बाईलाही मागता येतो, मग धर्म कुठलाही असो. २०१६ पासून अशा अल्पसंख्याक कुटुंबांना बँक खातं, पॅन, आधार, राहण्यापुरतं घर आणि स्वतःचा छोटा धंदा करायची सोय मिळाली. मतदान मात्र नाही. आणि मुदत संपण्याआधी व्हिसा वाढवून घ्यावाच लागतो. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंद पोलीस अधीक्षक कार्यालयात होते.

या कागदाचं मोल एप्रिल २०२५ मध्ये कळलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. ताई दोन दिवस पापड न्यायला आल्या नाहीत, फोनही उचलेनात. मग सरकारने खुलासा केला, की हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम आहेत. ताईंचा वेळेवर वाढवलेला होता, म्हणून जीव भांड्यात पडला.

आता नागरिकत्वाचं. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन अर्ज करू शकतात. मुस्लिमांचा त्यात समावेश नाही. त्यांना नेहमीच्याच मार्गाने जावं लागतं. नियम मार्च २०२४ मध्ये आले. अर्ज ऑनलाइन होतो. तिकडचा एखादा पुरावा लागतो, आणि तो मुदत संपलेला असला तरी चालतो. ताईंचा जुना पासपोर्ट हरवला होता, पण सिंधमधल्या शाळेचा दाखला ट्रंकेत सापडला. तोच कामी आला.

काही जण म्हणतात, "तारीख आता २०२४ झाली." तसं नाही. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या या सहा धर्मांच्या लोकांना पासपोर्ट-व्हिसा नसला तरी इथे राहायला सूट मिळाली. राहायला सूट वेगळी आणि नागरिकत्व वेगळं.

लग्नानेही नागरिकत्व आपोआप मिळत नाही. भारतीयाशी लग्न झालेल्या बाईला साधारण सात वर्षं इथे राहिल्यावर अर्ज करता येतो. मुलांचंही लक्षात ठेवा. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाच्या आई-वडिलांपैकी एकही भारतीय नसेल, तर ते मूल जन्माने नागरिक ठरत नाही. त्याचेही कागद वेगळे करावे लागतात.

तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल तर तिला एवढंच विचारा: व्हिसाची तारीख कधीची? फाइल नवऱ्याकडेच आहे, की तुझ्या नावाचे कागद तुझ्या हाताशी आहेत? आणि न वाचता कुठल्याही अर्जावर तिची सही घेऊ नका. मी घेणारच होते.

ताईंचा अर्ज गेलाय. पापड न्यायला त्या परवाच येऊन गेल्या.