किल्ल्याआधीचा ख्रिस्ती

तुळिंजहून रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेस गेले की सोपारे लागते. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी येथील स्तूप उकलला, त्यामुळे विद्वानांस ते परिचित आहे. त्याची दुसरी ओळख मात्र क्वचितच कोणी सांगतो. १३२१ मध्ये ठाण्यास तोलेंतिनोचा थोमास व त्याचे तीन सोबती मारले गेले. जोर्दानुस या डोमिनिकन साधूने त्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले. पुढे ओदोरिक नामक प्रवाशाने त्यांच्या अस्थी थेट चीनला नेल्या!

वसई पोर्तुगिजांना मिळाली १५३४ साली, म्हणजे त्यानंतर २१३ वर्षांनी. तरीही येथील ख्रिस्ती धर्म किल्ल्याबरोबरच आला, असे आपण गृहीत धरतो. फिरंगी अमलात देवळे पडली, जुलूम झाले; ते नाकारण्यात अर्थ नाही. पण १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला तेव्हा फिरंगी गेले. येथले ख्रिस्ती आपल्या वाड्यांतच राहिले, आपली बोली बोलत. एवढे असूनही २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवडले गेले, तेव्हा त्यांच्या धर्मगुरूपणावर आक्षेप निघालाच. मराठीत आयुष्यभर लिहिणाऱ्याला आणखी कोणता दाखला द्यायचा होता?